हानाएला बक्षीस मिळालं नाही ते वर्ष

त्या वर्षी आमच्या घरात काय शिजायचं हे पाणी ठरवायचं. माय सकाळी उठून रांजणात वाकून बघायची आणि मगच चूल पेटवायची. रांजणात बऱ्यापैकी पाणी असलं तर हुलग्याची शेंगोळी व्हायची, तळाशी असलं तर नुसती भाकरी आणि तव्यावर परतलेला ठेचा. भात आमच्याकडं तसाही सणावारीच व्हायचा. त्या वर्षी तो सणालाही झाला नाही, कारण तांदूळ धुवावे लागतात. पीठ मळून झालं की माय हात काठवटीतच निपटून घ्यायची आणि ते पिठाळ पाणी म्हशीच्या आंबोणात जायचं. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. आजही नळ मोकळा सोडून कुणी भांडी घासताना दिसलं की माझं तोंड उघडतं, मग सुनेला वाईट वाटेल म्हणून मी मुकाट दुसऱ्या खोलीत जाते.

आमचं गाव तलवाड्याच्या अलीकडचं. दिवाळी झाली की बरीच घरं ऊसतोडीला जायची. त्या वर्षी जी कधी गेली नव्हती तीही गेली. बैलगाड्या निघाल्या, दारांना कुलपं लागली आणि गावात म्हातारी माणसं, लहान लेकरं आणि ज्यांच्या गळ्यात एखादं जनावर किंवा एखादी नोकरी अडकलेली होती ती घरं राहिली. आमच्याकडं दोन्ही होतं. दारात एक म्हैस होती आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध संस्थेत दूध मोजून घ्यायचे. नोकरी म्हणावी इतकी मोठी ती नव्हती, पण करदोट्याला संस्थेच्या खोलीची किल्ली असायची आणि त्या किल्लीमुळं आप्पांना गावात ‘आश्रुबा’ म्हणण्याऐवजी ‘आश्रुबाबापू’ म्हणणारी दहापाच माणसं होती.

संस्थेची खोली पत्र्याची. आत गेलं की आंबूस दुधाचा आणि ओल्या गोणपाटाचा वास यायचा. अॅल्युमिनियमच्या कॅनवर झाकण बसवताना होणारा आवाज अजून माझ्या कानात आहे. पूर्वी संध्याकाळी दूध घालायला रांग लागायची; त्या वर्षी बायका तांब्याच्या तळाशी जेवढं निघेल तेवढं घेऊन यायच्या, आणि आप्पा ते मापात ओतताना बाईच्या तोंडाकडं बघायचे नाहीत. कोनाड्यात एक रेडिओ होता. शेतकऱ्यांनी शेतीचे कार्यक्रम ऐकावेत म्हणून तो वरून दूध संघाकडून आला होता. शेतीचे कार्यक्रम त्या वर्षी ऐकणार कोण? पेरलेलं उगवलंच नव्हतं. मग आप्पा हिशेब लिहीत बसले की रेडिओ माझ्या ताब्यात यायचा. मी तेव्हा तलवाड्याच्या शाळेत नववीला होते.

परदेशी केंद्र कसं लावायचं ते मला बशीरमामूंनी शिकवलं. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान संस्थेच्या समोरच होतं आणि गावातले सगळे रेडिओ तेच उघडायचे. त्यांनी तांब्याची बारीक तार संस्थेच्या खिडकीतून काढून समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत नेली आणि मला म्हणाले, “बेटी, ये कांटा जरा इदर फिराव. सबर करना. जपान लगता देख.” मी काटा फिरवला. आधी खरखर, मग एक शिट्टी, मग पुन्हा खरखर आणि त्या खरखरीतून एक बाई हिंदीत बोलली. तिचं हिंदी आमच्या शाळेतल्या गुरुजींच्या हिंदीपेक्षा शुद्ध होतं, फक्त जोडाक्षरं ती सोडवून सोडवून बोलायची. तिचं नाव केइकोजी. रोज संध्याकाळी अर्धा तास ती टोकियोहून आमच्या पत्र्याच्या खोलीत यायची. बातम्या सांगायची, जपानी भाषेचा एक शब्द शिकवायची आणि शेवटी गाणी लावायची. कधी जपानची, कधी कोरियाची, हाँगकाँगची, फिलिपाईन्सची.

त्या गाण्यांतली एक गायिका माझी झाली. तिचं नाव हानाए. आडनाव केइकोजी दरवेळी सांगायच्या, पण नेमकी तेव्हाच खरखरीची लाट यायची आणि आवाज खाली जायचा. बाकीच्या गायिका उंच जायच्या, हुंदका द्यायच्या, मागून पुष्कळ वाद्यं वाजायची. हानाए खालच्या आवाजात गायची. एखादी बाई घरातलं काम करता करता शेजारणीशी बोलते, तसं. शब्द मला एकही कळत नव्हता. केइकोजींनी एकदा सांगितलं की हे गाणं बंदरावर उभ्या असलेल्या बाईचं आहे, बोट यायची असते आणि ती येत नाही. बोट मी पाहिली नव्हती, बंदरही नाही. पण कशाची तरी वाट बघत उभ्या असलेल्या बायका मी रोज बघत होते.

आमच्या विहिरीवर टँकर यायचा. यायचा म्हणजे दोन दिवसांआड, कधी तीन. टँकर कोरड्या विहिरीत पाणी सोडायचा आणि ते जमिनीत मुरायच्या आत बायका पोहऱ्यानं ओढायच्या. माय पहाटेच घागरी मांडून यायची आणि ऊन चढेपर्यंत तिथंच उभी राहायची. टँकरच्या रस्त्याला गावाबाहेर एक फाटा होता. सरळ गेलं की गाव आणि डावीकडं वळलं की तात्यांची मोसंबीची बाग. तात्या म्हणजे संस्थेचे चेअरमन. टँकर आधी डावीकडं वळायचा, बागेतल्या विहिरीत थोडा रिकामा व्हायचा आणि मग गावात यायचा. किती रिकामा व्हायचा ते विहिरीवर कळायचं. शेवटच्या बायकांच्या पोहऱ्यात गाळ यायचा. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण टँकर मंजूर करून आणला तो तात्यांनीच. दूध संस्थाही त्यांनीच उभी केली होती. हे खोटं नव्हतं. माणूस सरळसरळ वाईट असता तर गावाला सोपं गेलं असतं.

थंडीच्या दिवसांत केइकोजींनी सांगितलं की टोकियोत मोठा समारंभ होणार आहे. आशियातल्या देशांतले गायक येणार, सिनेमेही येणार, आणि बक्षिसं दिली जाणार. आपल्याकडचाही एक हिंदी सिनेमा त्यात होता. श्रोत्यांनी आपलं मत कळवावं, असं त्या म्हणाल्या. मला हिंदी सिनेमाचं कौतुक असायला हवं होतं, बशीरमामूंना होतंच, पण माझा जीव हानाएमध्ये अडकला होता. माझी नात आता फोनवर कोरियातल्या पोरांची गाणी ऐकते आणि असल्या समारंभांच्या दिवशी जेवणाचं ताट समोर घेऊन बसते, घास तोंडात न घालता. तिची आई चिडते. मी चिडत नाही. आपल्याशी ज्याचं कसलंच नातं नाही अशा माणसाचं नाव पुकारलं जावं म्हणून घास हातात तसाच राहणं मला माहीत आहे.

समारंभाची हकिकत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागली. मी शाळेतून आले ती दप्तरासकट संस्थेत. बशीरमामूही दुकान टाकून आले. केइकोजींनी टाळ्या ऐकवल्या. एवढ्या माणसांच्या एकत्र टाळ्या मी आयुष्यात प्रथम ऐकत होते. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. आपल्या सिनेमाला काहीतरी मिळालं, मामूंनी मांडीवर थाप मारली. मग गाण्यांची पाळी आली. बक्षीस मिळालं दोन तरुण पोरांच्या जोडीला. त्यांचं गाणं उड्या मारणारं होतं, वाईट नव्हतं. हानाएचं नाव केइकोजींनी एकदाच घेतलं. म्हणाल्या, तिनंही गायलं, निळा किमोनो घालून गायलं, आणि लोक शांत बसून ऐकत होते. एवढंच. मी रेडिओ बंद केला.

“कावून बंद केलास?” आप्पांनी विचारलं.

“झालं ते.”

“कोण निवडून आलं?”

आप्पांना तो समारंभ संचालक मंडळाच्या निवडणुकीसारखाच वाटत होता. मी हसले नाही. घरी येऊन वहीचं पान फाडलं आणि केइकोजींना माझं मत लिहिलं. शाळेतल्या हिंदीत लिहिलं, चुका असतीलच. लिहिलं की तुमच्या समारंभात ज्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या त्यांना बक्षीस दिलंत, ते ठीक आहे, पण जिच्यामुळं लोक शांत बसले तिला काय दिलंत? हानाएचं बंदरावरचं गाणं मला कळतं, कारण माझी आई रोज तशीच उभी असते. आमच्याकडं समुद्र नाही, बोट नाही. आमच्याकडं पाण्याचा टँकर येतो. तो आधी चेअरमनच्या बागेत जातो आणि उरलेलं पाणी घेऊन आमच्याकडं येतो. आई तेव्हा रडत नाही, भांडतही नाही. हानाए गाते तशी खाली बघून उभी राहते. म्हणून मला वाटतं बक्षीस तिचं होतं. खाली नाव, गाव, तालुका, जिल्हा. बशीरमामू सुटे भाग आणायला गेवराईला गेले तेव्हा त्यांनी ते पोस्टात टाकलं. मी ते कुणाविरुद्ध लिहिलं नव्हतं. मला हानाएची बाजू मांडायची होती आणि माझ्याजवळ दाखला म्हणून तेवढंच होतं.

उन्हं तापायला लागली. आमची म्हैस आटत चालली होती. मी ते पत्र जवळजवळ विसरले होते. एका संध्याकाळी संस्थेत दूध घालायला आलेल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोनचार म्हातारे होते, तात्यांचा गडीही कॅन घेऊन आला होता. रेडिओ चालू होता, कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. आणि केइकोजी म्हणाल्या, “भारत के महाराष्ट्र प्रान्त, बीड ज़िले से पुरयाग जी लिखती हैं.” माझं नाव प्रयाग, ते त्यांना तसंच म्हणता आलं. मग आमच्या गावाचं नाव. भिंतीला टेकलेल्या बायका ताठ झाल्या. आमच्या गावाचं नाव बीडच्या एस. टी. स्टँडवरच्या पाटीवरसुद्धा नव्हतं.

केइकोजींनी सगळं वाचलं. कुठंही न गाळता, जोडाक्षरं सोडवत, त्यांच्या त्या शांत आवाजात. टँकर, चेअरमनची बाग, माझी आई. मग म्हणाल्या, पुरयागजींच्या आईंसाठी आम्ही हानाएचं गाणं लावत आहोत. गाणं लागलं. आप्पांच्या हातात माप होतं, ते तसंच राहिलं. माय दाराशी बसली होती. हिंदी तिला अर्धंमुर्धं समजायचं, पण ‘मां’ आणि ‘टैंकर’ आणि पोरीचं नाव तिला समजलं होतं. तिनं पदर डोक्यावर पुढं ओढून घेतला. गाणं संपायच्या आधीच तात्यांचा गडी कॅन तिथंच ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आमच्या दारात आले. फटफटी लांब उभी करून चालत आले. धोतर, पांढरा सदरा, काखेत छत्री. मायनं पोतं अंथरलं, त्यावर ते बसले नाहीत.

“आश्रुबा, काल रेडिओवर काय लागलंतं?”

“ऐकलं की तात्या. मी तितंच होतो.”

“गावचं गाऱ्हाणं गावात सांगायचं. जपानात कावून सांगायचं?”

चुलीजवळून मायचा आवाज आला. तिनं पदराआडूनच म्हटलं, “गावात कुणाला सांगावं? गावात तुमीच हायत.”

तात्यांनी तिच्याकडं बघितलं. मला वाटतं त्यांनी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला असेल. मग ते आप्पांशीच बोलत राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. “टँकर कुणी आणला? बीडला हापिसाच्या पायऱ्यांवर उन्हात कोण बसलंतं? ह्या गावात एक चहाची टपरी न्हवती तवा संस्था कुणी काढली? माज्या बापानं लावलेली झाडं हायेत ती, आश्रुबा. लेकरावानी वाढवली. ती जळताना बघत बसू?”

“न्हाई,” आप्पा म्हणाले. “बघवणार न्हाई.”

“मग पोरीला सांगा. दुसरं पत्र लिव्हायचं. मागचं लिव्हलेलं खरं न्हवतं, पोरबुद्धीनं लिव्हलं म्हणून. मी सोता टाकतो पोस्टात.”

मी आतल्या खोलीच्या दाराशी उभी होते. आप्पांनी मला बोलावलं. मी पुढं आले. आप्पा तात्यांना म्हणाले, “तिनं खोटं लिव्हलं आसंल तर आत्ता तुमच्या म्होरं लिव्हून देईल. त्यातलं खोटं कोणतं, तेवढं तिला दाखवा.”

तात्यांनी काखेतली छत्री काढून हातात घेतली. मग ते म्हणाले, “किल्ली द्या.” आप्पांनी करदोट्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती सुटेना. वर्षानुवर्षं बसलेली गाठ होती. मग मायनं विळा आणून दिला आणि आप्पांनी दोरा कापून किल्ली तात्यांच्या हातावर ठेवली. तात्या गेले. आप्पा पोत्यावर बसले आणि कमरेला हात लावून बघत राहिले.

मी रडायला लागले तेव्हा मायनं मला जवळ घेतलं नाही. ती म्हणाली, “रडायला काय झालं? तू कुणाच्या घरात शिरली न्हाईस.” आणि भाकरी थापायला बसली.

त्यानंतर टँकरचा दिवस आला. माय नेहमीसारखी पहाटे घागरी घेऊन निघाली, पण विहिरीकडं न जाता गावाबाहेरच्या रस्त्याला लागली. मी मागोमाग गेले. फाट्यावर ती थांबली, बागेकडं जाणाऱ्या वाटेच्या मधोमध घागरी मांडल्या आणि त्यांच्यामागं मांडी घालून बसली. एकटीच. मी म्हटलं, “माय, ऊठ. लोक काय म्हणतील.” ती म्हणाली, “बस म्हणलं न्हाई मी तुला. जायाचं तर जा घरी.” मी बसले. उजाडलं तशी विहिरीवरच्या बायकांना बातमी कळली. आधी त्या संध्याकाळी संस्थेत भिंतीला टेकून बसलेली शेजारची कौसामावशी आली, मग आणखी दोघी, मग विहिरीवरची अख्खी रांगच उठून फाट्यावर आली. कुणी घोषणा दिली नाही. कुणाला देता येत नव्हती. सगळ्या आपापल्या घागरीमागं बसल्या, बोलल्या त्याही सुनांबद्दल आणि जनावरांच्या छावणीबद्दल.

टँकर आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग इंजिन बंद करून खाली उतरला. “मावशे, सरका की. मला वरून सांगितलंय तसं करतो मी.” माय म्हणाली, “तुजं काय न्हाई बाबा. तू सावलीला बस.” तो खरंच टँकरच्या सावलीला बसला. कुणीतरी तात्यांना सांगायला गेलं होतं. ते आले. त्यांच्यामागं दोनतीन गडी होते. तात्या बायकांच्या समोर येऊन उभे राहिले आणि प्रत्येकीकडं बघत गेले. त्यातल्या निम्म्याजणी त्यांच्या भावकीतल्या होत्या. कुणी वहिनी, कुणी चुलती. कुणीच वर बघत नव्हतं. माय खाली बघून बसली होती, रांगेत उभी राहायची अगदी तशीच. फरक एवढाच होता की या वेळी ती रस्त्यात बसली होती. एक गडी पुढं सरकला, तात्यांनी हात आडवा केला. ऊन डोक्यावर येईपर्यंत कुणी हललं नाही. मग तात्या ड्रायव्हरकडं वळले आणि म्हणाले, “जा गावात.” एवढं म्हणून ते बागेच्या वाटेनं एकटेच चालत गेले. बायकांनी त्यांना जायला घागरी बाजूला घेतल्या.

त्या दिवसापासून टँकर सरळ गावात आला. आमच्या घरात आनंद मात्र झाला नाही. संस्थेत दुसरा माणूस आला, आप्पा रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागले. दूध मोजून मऊ राहिलेल्या हातांना फोड आले. रेडिओ तात्यांच्या घरी गेला. हानाएला पुढच्या वर्षी बक्षीस मिळालं की नाही हे मला कधीच कळलं नाही. नातीनं मागं फोनवर तिला शोधायचा प्रयत्न केला. हानाए नावाच्या पुष्कळ बायका निघाल्या, त्यांतली माझी कोणती ते मला सांगता येईना.

आणि मे महिन्यात बाग वाळली. आधी पानं गुंडाळली, मग लिंबाएवढी हिरवी फळं गळून खाली सडा पडला. तात्यांनी झाडं तोडायला लावली तेव्हा गावातली माणसं सरपणासाठी गेली. माय पण गेली. मला वाटलं ती मोळी घेऊन येईल. ती रिकाम्या हातानं आली. आप्पांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “आत अजून हिरवं हाय लाकूड. चुलीत घालवंना.” मग बराच वेळ ती उंबऱ्यात बसून राहिली. तात्या तिथं खुंटांच्या मधोमध उभे होते म्हणे. त्या बागेबद्दल माझ्या मनात तेव्हा काय होतं ते आज नेमकं सांगता येणार नाही. मला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं, आणि मी लिहिलं ते चूक होतं असंही कधी वाटलं नाही. या दोन्ही गोष्टी घेऊन मी मोठी झाले.

पुढच्या वर्षी पाऊसमान बरं झालं. उन्हाळ्यात जनावरांच्या छावणीत नेऊन बांधलेली आमची म्हैस वाचून परत आली होती, ती व्याली. दूध घालायचं तर संस्थेतच घालायला लागणार, आणि आप्पा तिथं पाऊल टाकायला तयार नव्हते. त्याच सुमाराला संस्थेची वार्षिक सभा भरली. शाळेच्या पटांगणात, लिंबाखाली. पुरुष सतरंजीवर बसलेले, टेबलामागं तात्या आणि नवा सेक्रेटरी. तात्या वर्षभरात खंगले होते. सभांना बायका येत नसत. धारा काढायच्या त्यांनी आणि सभासद मात्र नवरे. माय धुतलेलं लुगडं नेसून आली आणि सतरंजीच्या कडेला उभी राहिली. मी तिच्यामागं. आप्पा पार शेवटी, कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभे होते. तिनं काय ठरवलंय ते त्यांनाही माहीत नव्हतं.

विषय संपत आले तेव्हा तात्यांचं तिच्याकडं लक्ष गेलं. ते म्हणाले, “काय हाय, बाई?”

“मला मेंबर व्हायचंय. म्हैस मी पाळती. धारा मी काढती. दूध माज्या नावानं घालणार.”

सतरंजीवर कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. सेक्रेटरी तात्यांकडं बघायला लागला. तात्यांनी तिला ओळखलं होतंच. फाट्यावरची दुपार त्या दोघांच्याही डोळ्यांपुढं असणार. त्यांनी टेबलावरचं रजिस्टर सेक्रेटरीपुढं सरकवलं आणि म्हणाले, “लिव्हा.”

“नाव सांगा,” सेक्रेटरी म्हणाला.

“चंद्रभागा.”

“पूर्ण नाव सांगा. नवऱ्याचं नाव लागतं.”

माय थांबली. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं की संपलं. तिला ‘प्रयागचे आप्पा’ म्हणायची सवय होती, डॉक्टरकडं गेली तरी नाव मी सांगायची. सतरंजीवरची माणसं वाट बघत होती. मी पुढं होऊन सांगणार होते, तेवढ्यात तिनं हातानं मला मागं सारलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “चंद्रभागा आश्रुबा.”

मी वळून भिंतीकडं बघितलं. आप्पा टेकून उभे होते ते सरळ झाले, आणि शाळेत हजेरीला नाव पुकारल्यावर मुलं करतात तसा त्यांचा हात आपोआप वर गेला.